पहिली आवृत्ती वाचकांच्या हातात

मराठीत विज्ञानकथा आणि विज्ञानकादंबऱ्या वाचायला आवडतात, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. आज लिहीत असलेल्या एका मराठी विज्ञानलेखकाची नवी कादंबरी या वर्षी विकत घ्या. दुकानातून घ्या, प्रदर्शनात घ्या, प्रकाशकाकडून मागवा, सवलत मिळत असेल तर सवलतीत घ्या. पण ती बाजारात आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच घ्या. एवढा आग्रह का धरते आहे, ते सविस्तर सांगते.

मी पुस्तकांच्या संपादनाचं काम करते. हस्तलिखित वाचायचं, लेखकासोबत बसून त्यावर काम करायचं, मुद्रितं तपासायची आणि प्रदर्शनाच्या दिवसांत गाळ्यावर उभं राहून पुस्तकं विकायची, हे सगळं त्यात आलं. कादंबरी छापून झाल्यावर तिचं पुढे काय होतं, ते मला जवळून दिसतं. वाचकाला ते सहसा दिसत नाही आणि लेखक संकोचाने बोलत नाही. सरस्वतीची सेवा करणाऱ्याने लक्ष्मीचं नाव काढू नये, अशी आपल्याकडची समजूत आहे. तिचा फटका लेखकाला बसतो आणि आज ना उद्या वाचकालाही बसतो, कारण लिहिणारा लिहायचं थांबवतो.

२० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर गेले, तेव्हा मराठी माणूस किती हळहळला ते आपण पाहिलं. ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ ही नावं लोकांनी पुन्हा पुन्हा काढली. शाळेच्या कपाटातून आणलेलं पुस्तक एका रात्रीत कसं संपवलं, हे कितीतरी जणांनी सांगितलं. ते प्रेम खरं होतं. त्याच वाचकांना मी विचारते, त्यानंतर तुम्ही कोणती मराठी विज्ञानकादंबरी विकत घेतलीत? पुष्कळांकडे याचं उत्तर नाही. लेखक नाहीत म्हणून उत्तर नाही, असं मात्र समजू नका. लेखक आहेत. त्यांची पुस्तकं आपल्यापर्यंत पोचत नाहीत आणि आपण ती शोधत नाही.

नारळीकरांच्या पहिल्या मराठी विज्ञानकथेची हकीकत अनेकांना माहीत असेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा जगन्मान्य शास्त्रज्ञ होते. आपलं नाव पाहून परीक्षकांचं मत झुकू नये, म्हणून त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. परीक्षकांपुढे फक्त कथा होती, लेखकाच्या नावाला काही वजन नव्हतं. आजच्या अनोळखी लेखकालाही तेवढंच हवं आहे. नाव ऐकलेलं नाही म्हणून पुस्तक खाली ठेवू नका. पन्नास पानं वाचा आणि मग ठरवा.

पोटासाठी दुसरं काम

मराठीत विज्ञानकादंबरीवर घर चालवणारा लेखक शोधून सापडणं कठीण आहे. नारळीकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, नंतर त्यांनी पुण्यात आयुका ही संशोधन संस्था उभी केली. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होते. सुबोध जावडेकर रासायनिक अभियंते. ‘विप्लवा’ लिहिणारे अरुण साधू पत्रकार. पूर्ण वेळ लेखणीवर जगायचं ठरवणाऱ्या निरंजन घाटे यांच्यासारख्यांना कथा-कादंबऱ्यांच्या जोडीला विज्ञानाची माहितीपर पुस्तकं, सदरं असं अखंड लिहीत राहावं लागलं. आजचे लेखकही नोकरी सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी लिहितात.

यात कमीपणा काही नाही. चीनचे लिऊ त्सिशिन शान्शी प्रांतातल्या एका वीजनिर्मिती केंद्रात अभियंता होते आणि नोकरी करता करता लिहीत होते. त्यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ ही कादंबरी २००६ साली एका चिनी विज्ञानकथा मासिकात क्रमशः आली, २००८ साली पुस्तकरूपात निघाली, २०१४ साली तिचा इंग्रजी अनुवाद झाला आणि २०१५ साली तिला विज्ञानसाहित्यासाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. जगाने दखल घेण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या भाषेतले वाचक ते मासिक पैसे मोजून घेत होते. बाहेरचा सन्मान नंतर आला, घरचा वाचक आधीपासून होता.

अमेरिकेच्या अँडी विअर यांचंही असंच आहे. ‘द मार्शियन’ ही कादंबरी त्यांनी आपल्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून फुकट दिली. वाचकांनीच त्यांना सांगितलं की ही किंडलवर द्या, वाचायला सोपं जाईल. त्यांनी ती तिथल्या सर्वांत कमी किमतीला, ९९ सेंटला ठेवली. फुकट उपलब्ध असूनही लोकांनी ती विकत घेतली, एकमेकांना सांगितली. मग मोठा प्रकाशक आला, २०१४ साली छापील पुस्तक आलं आणि २०१५ साली चित्रपट. जाहिरातीचा पैसा शेवटी आला. सुरुवात केली ती वाचकांनी.

आपल्या भाषेत ताकद नाही, असंही नाही. जेम्स गन यांनी संपादित केलेल्या ‘द रोड टू सायन्स फिक्शन’ या मालेतला एक खंड जगभरातल्या विज्ञानकथांचा आहे. त्यात लक्ष्मण लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ ही मराठी कथा आहे. किती मराठी घरांत हे ठाऊक आहे? ती कथा ज्या संग्रहात आहे तो किती घरांत आहे?

हिशेब असा असतो

समजा, एका नव्या विज्ञानकादंबरीची छापील किंमत ३५० रुपये आहे. मराठीत रॉयल्टी साधारण छापील किमतीच्या दहा ते पंधरा टक्के असते, नव्या लेखकाला बहुतेक वेळा दहा. म्हणजे एका प्रतीमागे लेखकाचे ३५ रुपये. पूर्वी पहिली आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची निघायची. आता छपाईचं तंत्र बदललं आहे आणि प्रकाशकही सावध झाले आहेत, त्यामुळे पाचशे किंवा तीनशे प्रतींची आवृत्ती सर्रास निघते. पाचशे प्रती सगळ्या खपल्या तर लेखकाला मिळणार १७,५०० रुपये. त्यासाठी त्याने दोन-तीन वर्षांच्या रात्री घातलेल्या असतात, संदर्भासाठी पुस्तकं विकत घेतलेली असतात.

उरलेले पैसे प्रकाशकाच्या खिशात जातात, असं मनात आणू नका. दुकानदाराची आणि वितरकाची सवलत, कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, गोदाम, पुस्तकं गावोगाव पाठवण्याचा खर्च, हे सगळं त्यातूनच निघतं. चार दुकानांकडची वसुली सहा-सहा महिने अडकते ती वेगळीच.

मार्चनंतर लेखकाच्या हाती रॉयल्टीचं पत्रक येतं. एका कागदावर पाच-सहा ओळी असतात. उदाहरणच घ्यायचं तर: छापील प्रती ५००, लेखकाच्या प्रती १०, अभिप्रायार्थ प्रती २५, वर्षातली विक्री ११२, शिल्लक ३५३, देय रक्कम ३,९२० रुपये. दुसऱ्या वर्षी विक्री ४१, शिल्लक ३१२, देय रक्कम १,४३५ रुपये. तिसऱ्या वर्षी लेखक नवं हस्तलिखित घेऊन येतो, तेव्हा प्रकाशक आधी शिल्लक प्रतींचा आकडा पाहतो. नवी कादंबरी कितीही सरस असली तरी ‘आधीच्या तीनशे प्रती गोदामात आहेत’ या वाक्यापुढे ती उभी राहू शकत नाही. प्रकाशक नाही म्हणतो, किंवा ‘थांबू या थोडं’ म्हणतो. थांबण्यात वर्षं जातात. अशा थांबलेल्या कादंबऱ्या मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या काही फार चांगल्या होत्या.

याच आकड्यांत आशेची जागाही आहे आणि मला जे सांगायचं आहे ते तिथेच आहे. पाचशेच्या आवृत्तीत पन्नास वाचक म्हणजे दहावा हिस्सा. तुमची सोसायटी, तुमचा वाचनकट्टा, तुमच्या शाळेचा जुना वर्ग मिळून पन्नास माणसं सहज होतात. इंग्रजीतल्या गाजलेल्या कादंबरीची तुमची प्रत विकली गेली काय, न गेली काय, कोणाला कळणारही नाही. मराठी विज्ञानकादंबरीची तुमची प्रत मात्र त्या पत्रकात दिसते. पहिल्या वर्षी ११२ ऐवजी ३०० लिहिलं गेलं तर दुसऱ्या पुस्तकाचं बोलणं प्रकाशक स्वतःहून काढतो. लेखकाची कारकीर्द पुढे सरकते की तिथेच अडते, हे ठरवण्याची इतकी ताकद सामान्य वाचकाकडे दुसऱ्या कुठल्या कामात असेल, मला माहीत नाही.

‘अभ्यासाचं काहीतरी घे’

विज्ञानकादंबरीला आणखी एक अडचण आहे. एका प्रदर्शनात सातवी-आठवीतली एक मुलगी माझ्या गाळ्यावर आली. एका कादंबरीच्या मुखपृष्ठावर पाण्याखाली बुडालेली मुंबई होती. तिने पुस्तक उचललं, मागचा मजकूर वाचला, मग पहिलं पान उघडून उभ्या उभ्या वाचायला लागली. चार-पाच पानं झाली असतील. बाबा मागून आले, नाव वाचलं आणि म्हणाले, “गोष्टीचं नको, अभ्यासाचं काहीतरी घे.” तिने पुस्तक जागेवर ठेवलं, अगदी सरळ करून ठेवलं. थोड्या वेळाने दुसरे एक गृहस्थ आले. त्यांनी तेच पुस्तक उचललं, ‘विज्ञान’ हा शब्द पाहिला आणि म्हणाले, “हे फार अभ्यासाचं दिसतंय, आम्हाला गोष्टीचं काहीतरी द्या.”

दोन्हीकडून नकार येतो तो असा. दुकानातही हेच होतं. विज्ञानकादंबरी कधी माहितीपर विज्ञानाच्या फळीवर जाते, कधी बालसाहित्याच्या. कादंबऱ्यांच्या फळीवर, जिथे कादंबरी वाचणारा माणूस हात घालतो, तिथे ती क्वचित असते. म्हणून नुसती नजर फिरवून ‘नाही दिसत’ म्हणू नका, विचारा. ‘मराठी विज्ञानकादंबऱ्या कुठे ठेवल्यात?’ हा प्रश्न आठवड्यात तीन जणांनी विचारला तर दुकानदार त्यांच्यासाठी वेगळी फळी करतो. तो व्यापारी आहे, मागणी त्याला लगेच कळते.

आणि पालकांना हात जोडून सांगते, मुलाने गोष्टीचं पुस्तक स्वतःहून उचललं असेल तर ते घेऊन द्या. गोष्ट वाचताना त्याच्या मनात जे प्रश्न येतील, ते त्याला आपोआप पाठ्यपुस्तकाकडे घेऊन जातील.

आता काय करायचं

पहिली गोष्ट, प्रकाशनपूर्व सवलतीचा लाभ घ्या. मराठी प्रकाशक नव्या पुस्तकाची आगाऊ नोंदणी कमी किमतीत घेतात. अनेकांना वाटतं, एवढी काय घाई, नंतर घेऊ. पण आगाऊ नोंदणीचा आकडा पाहूनच किती प्रती छापायच्या ते ठरतं. तुमचे पैसे वाचतात आणि लेखकाच्या पाठीशी बळ उभं राहतं.

दुसरी, पुस्तक गावात मिळत नसेल तर एकत्र मागवा. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड बुक पोस्टची सेवा बंद केली. त्या स्वस्त दरावर छोटे प्रकाशक खेड्यापाड्यांत पुस्तकं पाठवत होते. आता एका प्रतीच्या पाठवणीचा खर्च कधी कधी किमतीच्या मानाने फार होतो. चार-पाच जणांनी मिळून एक पार्सल मागवलं तर तो वाटून जातो. पुण्याला अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईला दादरला कोणी निघालं असेल तर त्याच्याकडे यादी द्या.

तिसरी, व्हॉट्सअॅपवर फिरणारी पीडीएफ पुढे पाठवू नका. हे मी स्पष्टच बोलते. प्रताधिकार कायदा १९५७ प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क असतो. हरिभाऊ आपट्यांच्या किंवा साने गुरुजींच्या पुस्तकांवरचा हक्क संपला आहे, ती कोणीही वाटावीत. नारळीकरांच्या पुस्तकांवरचा हक्क २०८५ अखेरपर्यंत आहे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. पण कायद्याच्या भीतीने थांबा, असं मला म्हणायचं नाही. ज्या लेखकाच्या पाचशे प्रती खपायच्या आहेत, त्याची पीडीएफ दोनशे जणांच्या तीन गटांवर गेली तर ती आवृत्ती कोणी घ्यायची? पाठवणारा बहुधा चांगल्या मनानेच पाठवतो, ‘वाचनसंस्कृती’साठी पाठवतो. त्याला एकट्याला गाठून नीट समजावा. बहुतेक जण ऐकतात. फुकटच वाचायचं असेल तर ग्रंथालय आहे, मित्राची प्रत आहे, त्यात काही गैर नाही.

चौथी, ग्रंथालयात मागणी नोंदवा. ज्यांना दर वेळी पुस्तक विकत घेणं परवडत नाही त्यांच्यासाठी हा सगळ्यांत चांगला मार्ग आहे आणि विकत घेणाऱ्यांनीही तो सोडू नये. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात हजारो ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं आणि त्यातून पुस्तकखरेदी होते. काय घ्यायचं ते ग्रंथपाल आणि समिती ठरवते. सभासद काय मागतात, याकडे त्यांचं लक्ष असतं. मागणीच्या वहीत पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक आणि किंमत लिहा. ‘विज्ञानकथा आणा’ असं मोघम लिहिलं तर ते तसंच राहतं. तुमच्यासारख्या चार सभासदांनी तेच नाव लिहिलं तर खरेदीच्या यादीत ते येतं. ग्रंथालयातली एक प्रत किती हातांतून जाते, ते मागच्या पानावरच्या तारखांच्या शिक्क्यांवरून कळतं. त्या हातांतले काही पुढच्या पुस्तकाचे ग्राहक असतात.

पाचवी, वाचलेलं सांगा. लेखकाला आज स्वतःच्या पुस्तकाची जाहिरात स्वतःच करावी लागते. प्रकाशक मुखपृष्ठाचं चित्र पाठवतो आणि ‘तुमच्या ओळखीत टाका’ म्हणतो. ज्याला दिवसाकाठी दोन तास लिहायला मिळतात, त्याचा एक तास यात जातो. हे काम वाचकाने उचललं तर तो तास लिखाणाकडे परत येतो. शिवाय लेखकाने स्वतःची स्तुती केली तर लोक मान फिरवतात, वाचकाने सांगितलं तर ऐकतात. फक्त ‘अप्रतिम’, ‘नक्की वाचा’ एवढ्यावर थांबू नका. गोष्ट कशाबद्दल आहे, कोणाला आवडेल, तुम्हाला कुठे थांबून विचार करावा लागला, हे चार ओळींत लिहा. शेवट फोडू नका. प्रकाशकाचं नाव, किंमत आणि कुठे मिळेल ते लिहायला विसरू नका. न आवडलेलंही लिहा. विज्ञानात चूक सापडली असेल तर दाखवा. विज्ञानलेखकाला असा वाचक फार मोलाचा वाटतो.

सहावी, लेखक ओळखीचा असेल तर भेटप्रत मागू नका. लेखकाला मिळणाऱ्या प्रती मोजक्या असतात, बाकीच्या तो स्वतः पैसे देऊन घेतो आणि ‘सप्रेम भेट’ लिहून वाटतो. चाळीस प्रती वाटल्या की वर्षाची रॉयल्टी त्यातच जाते. तुम्ही पुस्तक विकत घ्या, त्याच्याकडे घेऊन जा आणि सही मागा. त्याला होणारा आनंद तुम्हाला दिसेल.

शाळा, मंडळं आणि परदेशातले आपले लोक

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो आणि दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिन. दोन्ही दिवसांवर सारखाच हक्क सांगणारं साहित्य एकच, ते म्हणजे मराठी विज्ञानकथा. शाळा-महाविद्यालयांनी आणि मंडळांनी या दोन दिवसांत एका विज्ञानलेखकाला अवश्य बोलवावं. बोलवताना प्रवासखर्च आणि मानधन किती देणार, ते पहिल्या फोनमध्येच सांगावं, म्हणजे त्याला अवघडल्यासारखं होत नाही. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांवर होणाऱ्या खर्चात त्याच्या कादंबरीच्या पाच-सहा प्रती येतात. त्या घ्या आणि मुलांना बक्षीस द्या. कार्यक्रमाच्या आधी मुलांनी त्यातलं एक प्रकरण वाचलेलं असलं तर प्रश्नोत्तरं किती रंगतात, हे मी पाहिलं आहे.

१५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनालाही हेच करता येईल. गोव्यातल्या मराठी वाचनालयांना आणि बृहन्महाराष्ट्रातल्या मंडळांनाही माझी हीच विनंती आहे.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, आखातात राहणारे मराठी वाचक तर विज्ञानकादंबरीचे हक्काचे वाचक आहेत. त्यांतले कितीतरी जण विज्ञान-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करतात. पुस्तक पाठवणं महाग पडत असेल तर ई-पुस्तक घ्या. श्राव्य पुस्तकांचं स्टोरीटेल नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून तिथे मराठी आहे, ऐकायला आवडत असेल तर रीतसर वर्गणी भरून ऐका. भारतात येता तेव्हा परतीच्या बॅगेत लोणच्याशेजारी दोन कादंबऱ्यांना जागा ठेवा आणि तिकडच्या मराठी शाळेला द्या.

लिहू पाहणाऱ्यांसाठी

वाचकांमध्येच उद्याचे लेखक असतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. नोकरी सोडून लिहायला बसू नका. आधी कथा लिहा, दिवाळी अंकांना पाठवा, स्पर्धांत उतरा. मराठी विज्ञानकथा वाढली ती दिवाळी अंकांमधून आणि मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांमधून. कादंबरी प्रकाशकाकडे देताना करार लेखी करा. आवृत्ती किती प्रतींची, रॉयल्टी किती टक्के, हिशेब केव्हा मिळणार, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क कोणाकडे, हे त्यात स्पष्ट असू द्या. प्रताधिकार कायद्याच्या १९व्या कलमानुसार हक्कांचं हस्तांतर लेखीच व्हावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. छपाईचा सगळा खर्च तुमच्याकडून मागणारा प्रकाशक भेटला तर पुस्तक दुकानांपर्यंत कोण नेणार, हे आधी विचारा. नुसती छापून दिलेली पुस्तकं शेवटी लेखकाच्याच घरात, पलंगाखाली राहतात.

लेखकाने वाचकाचं देणं फेडायचं असतं ते चांगलं लिहून. घाईने पुस्तकं काढू नका. विज्ञान पक्कं असू द्या, माणसं खरी असू द्या आणि गोष्ट मराठी मातीत रुजलेली असू द्या. धरणं, ऊस, लोकल गाड्या, समुद्राची वाढती पातळी, मोबाइलवर चालणारी शेतीची बाजारपेठ, यांचं उद्या काय होणार, हे मराठी लेखकाने सांगितलं नाही तर आपल्याला ते दुसरं कोणीही सांगणार नाही.

वाचकहो, म्हणूनच हे आवाहन. आपल्या मुलाबाळांचं उद्याचं जग मराठीत कल्पिलं जावं, असं तुम्हाला वाटत असेल तर ते कल्पिणाऱ्याला आज तुमची गरज आहे. पुरस्कार आणि श्रद्धांजल्या आपापल्या वेळी येतील, त्यांच्यावर पुढचं पुस्तक निघत नाही. ते निघतं पहिल्या आवृत्तीच्या विक्रीवर. या दिवाळीत फराळाच्या आणि कपड्यांच्या यादीत एक मराठी विज्ञानकादंबरी घाला, लिहिता लेखक निवडा आणि ती वाचा. आवडली तर पाच जणांना नाव, प्रकाशक आणि किंमत यांसह सांगा. नाही आवडली तर का नाही आवडली, ते लेखकाला कळवा आणि त्याच्या पुढच्या पुस्तकाची वाट पाहा.